सगळे अहवाल ‘जरासेच वर’ असतील तर हृदयविकाराच्या झटक्याचा धोका किती मानायचा?

प्रश्न – पायवाट

माझ्या थोरल्या भावाला नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला. त्याचे वय ४६ आहे. सुदैवाने वेळेत उपचार मिळाले, एका रोहिणीत स्टेंट बसवला गेला आणि तो आता घरी विश्रांती घेत आहे. आम्हा सर्वांना हादरा बसला तो यासाठी की तो अंगाने बारीक आहे, त्याला मधुमेह नाही, सिगारेटला त्याने कधी हात लावलेला नाही आणि चालण्याचा त्याचा नेम सहसा चुकत नाही. झटक्याच्या काही महिने आधी केलेली त्याची ट्रेडमिल चाचणीसुद्धा व्यवस्थित आली होती. वडिलांना पहिला झटका ५२व्या वर्षी आला होता, एवढीच एक गोष्ट त्याच्या विरोधात होती.

आता माझ्याविषयी. माझे वय ४१, काम दिवसभर बसून. माझे आकडे असे आहेत : रक्तदाब १३६/८८, एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल १४८, एचडीएल (‘चांगले’) ३६, ट्रायग्लिसराइड २१०, उपाशीपोटी रक्तशर्करा ११२, उंची १६८ सेंटिमीटर आणि पोटाचा घेर ९६ सेंटिमीटर. दिवसाला दोन-तीन सिगारेटी ओढतो. गेली काही वर्षे प्रत्येक तपासणीच्या वेळी मला ‘सीमारेषेवर आहे, काळजी घ्या’ असेच सांगितले जाते, आणि कोणताही एक आकडा भयंकर नसल्यामुळे मीही तो कागद फाइलमध्ये ठेवून देतो. भावाचे हे झाल्यापासून मात्र झोप लागत नाही. हे सगळे ‘जरासेच वर’ असलेले आकडे एकत्र आले तर त्यांचा अर्थ काय होतो? त्यांतल्या कशाकडे मी सर्वांत आधी लक्ष द्यावे? आणि ट्रेडमिल चाचणी चांगली आलेल्या माणसाला झटका येतोच कसा?

उत्तर – निरंतर

मी फिजिशियन आहे. आपल्याला प्रत्यक्ष तपासलेले नसल्यामुळे येथे उपचार सांगणार नाही, परंतु प्रश्न इतका नेमका आहे की त्याला सविस्तर उत्तर मिळायला हवे.

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिच्यात पुष्कळशा गैरसमजांचे मूळ आहे. हृदयाच्या रोहिणीत चरबी हळूहळू साचत जाते, नळी पूर्ण बुजते आणि मग झटका येतो, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात अनेक झटके अशा जागी येतात जिथे रोहिणी निम्मीसुद्धा अरुंद झालेली नसते. रोहिणीच्या आतल्या अस्तराखाली कोलेस्टेरॉल आणि दाहपेशी यांचा मऊ साठा तयार झालेला असतो व त्यावर एक पातळ पापुद्रा असतो. तो पापुद्रा फाटला की आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येतो, रक्तातील बिंबाणू (प्लेटलेट) त्यावर धावून येतात आणि काही मिनिटांत गुठळी तयार होऊन प्रवाह थांबतो. ट्रेडमिल चाचणी दाखवते ते श्रमाच्या वेळी हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडते का, एवढेच. जो साठा अजून प्रवाह अडवत नाही पण उद्या फाटू शकतो, तो त्या चाचणीत दिसत नाही. त्यामुळे आपल्या बंधूंची चाचणी चुकली होती असे मी म्हणणार नाही. तिला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

आता आपल्या आकड्यांविषयी. जोखमीचे घटक एकमेकांत मिळवले जात नाहीत, ते बऱ्याच अंशी एकमेकांनी गुणले जातात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात ५२ देशांतील पहिला झटका आलेले सुमारे १५ हजार रुग्ण आणि जवळजवळ तितकीच झटका न आलेली माणसे यांची तुलना केली होती. त्यात धूम्रपान करणाऱ्यांमध्ये झटक्याची शक्यता सुमारे २.९ पट, मधुमेहींमध्ये २.४ पट आणि उच्च रक्तदाब असणाऱ्यांमध्ये १.९ पट आढळली. तिन्ही गोष्टी एकाच माणसात असतील तेव्हा मात्र ती १३ पटींच्या घरात गेली. धूम्रपान, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा वाढलेला घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्य अशा नऊच बाबींनी जगभरातील पहिल्या झटक्यांच्या जोखमीचा सुमारे ९० टक्के भाग समजावून सांगता आला. हे पुरुषांना लागू पडले तसे स्त्रियांनाही, आणि वेगवेगळ्या खंडांतही.

‘सीमारेषा’ हा शब्द आम्ही डॉक्टर सोयीसाठी वापरतो आणि त्याने रुग्णाचे नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे. शरीराला अशी रेषा ठाऊक नाही. रक्तदाबाचेच पाहा. सुमारे दहा लाख माणसांच्या माहितीवर आधारलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की ४० ते ६९ या वयात, अगदी ११५/७५ पासून पुढे, वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने वाढला की हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. १४० च्या अलीकडे निर्धोक आणि पलीकडे धोकादायक असा उंबरठा तेथे कुठेही सापडला नाही. आपला १३६/८८ हा आकडा त्या चढणीवर बराच वर आलेला आहे.

एलडीएलच्या बाबतीत आकड्याइतकाच काळ महत्त्वाचा आहे. रोहिणीच्या अस्तरात चरबी शिरते ती वर्षानुवर्षे, त्यामुळे वयाच्या तिशीपासून १४८ घेऊन वावरणारा माणूस आणि साठीत प्रथमच १४८ वर पोहोचलेला माणूस यांची जोखीम सारखी नसते. आपले एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त, शर्करा मधुमेहाच्या उंबरठ्यावर, रक्तदाब चढता आणि पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून बराच अधिक आहे. हे पाच वेगवेगळे किरकोळ दोष नाहीत. इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याची ही एकाच बिघाडाची पाच लक्षणे आहेत आणि वैद्यकात या समूहाला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. त्यावर धूम्रपान आणि वडिलांचा ५५ वर्षांच्या आतला झटका यांची भर घातली की आपली जोखीम ‘जराशी’ म्हणण्यासारखी राहत नाही. आपल्याला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. यांतील बहुतेक गोष्टी आजही आपल्या हातात आहेत, आणि ४१व्या वर्षी त्या हातात घेण्याचा लाभ ६१व्या वर्षापेक्षा कितीतरी मोठा आहे.

उत्तर – शुश्रूषा

मी हृदयरोग अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. वरील उत्तराला दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात.

पहिली सिगारेटविषयी. ‘दिवसाला दोन-तीनच’ हे वाक्य आम्ही दाखल होणाऱ्या रुग्णांकडून सतत ऐकतो. हिशेब असा केला जातो की वीस ओढणाऱ्याच्या तुलनेत माझा धोका दहाव्या हिश्श्याचा असणार. कर्करोगाच्या बाबतीत तो हिशेब थोडाफार जुळतो, हृदयाच्या बाबतीत अजिबात जुळत नाही. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो. धुराची थोडीशी मात्रासुद्धा बिंबाणूंना चिकट करायला आणि रोहिणीच्या अस्तराची सैल होण्याची क्षमता बिघडवायला पुरेशी ठरते. त्यापुढे मात्रा वाढली तरी परिणाम त्या पटीत वाढत नाही. म्हणून कमी करण्याने फारसे साधत नाही, पूर्ण सोडण्याने साधते, आणि लवकर साधते : साधारण वर्षभरात हा वाढीव धोका निम्म्यावर येतो. तंबाखू चघळणाऱ्यांनीही स्वतःला यातून वगळू नये. धूर नसला तरी निकोटीन नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढवतेच. निकोटीनचा च्युइंग गम, पट्टी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे यांची मदत घेण्यात काहीही कमीपणा नाही. नुसत्या निश्चयापेक्षा त्यांच्या जोडीने सोडणाऱ्यांना यश अधिक मिळते.

दुसरी गोष्ट रक्तदाब मोजण्याची. घाईघाईने जिना चढून आलेल्या, लगेच खुर्चीत बसून बोलत असलेल्या, पाय लोंबकळत ठेवलेल्या माणसाच्या दंडावर शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला तर येणारा आकडा कोणत्याही निर्णयाला उपयोगी नसतो. पाच मिनिटे स्वस्थ बसावे, पाठ टेकलेली असावी, पावले जमिनीवर सपाट असावीत, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर टेकवलेला असावा, आधी अर्धा तास चहा, कॉफी किंवा सिगारेट घेतलेली नसावी आणि मोजताना बोलू नये. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. असे आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून त्याची वही ठेवावी. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली तर तो उच्च रक्तदाबच समजला जातो. दवाखान्यात चढणारा आणि घरी उतरणारा रक्तदाब पुष्कळांना माहीत असतो. दवाखान्यात ठीक आणि घरी वाढलेला असेही असते आणि ते अधिक घातक असते, कारण त्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. आपला खालचा आकडा ८८ असल्यामुळे ही वही आपल्या बाबतीत मला फार महत्त्वाची वाटते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद – पायवाट

दोघांचेही मनापासून आभार. सिगारेटचा हिशेब मी अगदी आपण म्हणता तसाच करत होतो. आज उरलेले पाकीट टाकून दिले आहे आणि घरी तसे सांगूनही टाकले आहे, म्हणजे मागे फिरणे अवघड होईल.

आणखी दोन शंका आहेत. कामाच्या ठिकाणी ताण फार आहे. तो या यादीत खरोखर मोडतो की ती केवळ बोलण्याची पद्धत आहे? दुसरी शंका धाकट्या बहिणीविषयी. तिचे वय ३८. गर्भारपणात तिचा रक्तदाब खूप वाढला होता आणि प्रसूती वेळेआधी करावी लागली होती. त्यानंतर तो पूर्ववत झाला. भावाच्या आजारपणानंतर घरात सगळे माझ्याच मागे लागले आहेत. तिला तपासणीची गरज आहे असे कोणालाही वाटत नाही.

उत्तर – सायंतारा

बहिणीविषयी वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. गर्भारपणातील उच्च रक्तदाबाचा, म्हणजे प्रीएक्लॅम्पसियाचा, इतिहास मलाही आहे, आणि प्रसूतीनंतर ‘आता सगळे ठीक आहे’ एवढे ऐकून मीही वर्षानुवर्षे स्वस्थ होते. पुढे एका जाणत्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी समजावून सांगितले की ज्या स्त्रियांना हा त्रास झाला त्यांना पुढील आयुष्यात हृदयविकार होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या साधारण दुप्पट असते. गर्भारपणातील मधुमेह, अकाली प्रसूती, चाळिशीच्या आत आलेली रजोनिवृत्ती, संधिवात किंवा ल्युपससारखे, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे आजार यांचीही नोंद हृदयाच्या जोखमीत केली जाते. तरीही किती ठिकाणी हृदयाच्या तपासणीत बाईला तिच्या बाळंतपणांविषयी विचारले जाते? मला तरी कोणी आपणहून विचारले नव्हते.

पाळी चालू आहे तोवर स्त्रीला संरक्षण असते, या समजुतीत तथ्य आहे. सरासरी पाहता स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा काही वर्षे उशिरा येतो. परंतु मधुमेह आणि धूम्रपान हे संरक्षण बऱ्याच अंशी हिरावून घेतात. शिवाय लक्षणांतही फरक पडू शकतो. छातीत दाब किंवा जडपणा हे स्त्रियांतही मुख्य लक्षण आहेच, पण त्याच्या जोडीने, आणि काही वेळा त्याच्याविनाही, धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, घाम आणि अकारण गळून गेल्यासारखा थकवा येतो. मग पित्त झाले असेल, दगदग झाली असेल असे म्हणून ती बाई स्वतःच दोन तास काढते. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या माणसांतही मज्जातंतू बधिर झाल्यामुळे झटका जवळजवळ वेदनेविना येऊ शकतो. कृपया बहिणीला घेऊन जा, आणि तिच्या गर्भारपणाचे कागद आवर्जून डॉक्टरांसमोर ठेवा.

उत्तर – निरंतर

सायंतारा यांनी लिहिलेले अक्षरशः खरे आहे. बहिणीची तपासणी आपल्या तपासणीइतकीच निकडीची आहे.

ताणाविषयी : होय, तो यादीत मोडतो. इंटरहार्टमधील नऊ बाबींत त्याचा समावेश होताच. दीर्घकालीन ताणाने रक्तदाब व शर्करा वाढते, झोप कमी होते, व्यायाम सुटतो आणि सिगारेट वाढते, म्हणजे तो स्वतः काम करतो आणि इतर घटकांकडूनही करवून घेतो. झोपेत मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकून जाग येणे, दिवसा पेंगणे असे काही असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे, कारण झोपेतील श्वासरोध हे आटोक्यात न येणाऱ्या रक्तदाबाचे एक नेहमी नजरेतून सुटणारे कारण आहे. हवेतील सूक्ष्म धूलिकण आणि मूत्रपिंडाचा जुना विकार यांचाही वाटा आता निर्विवाद मानला जातो.

येथे ‘जोखमीचा घटक’ आणि ‘निमित्त’ यांतला भेद ध्यानात ठेवावा. सवय नसताना अचानक केलेले जबर श्रम, संतापाचा उद्रेक, कडाक्याची थंडी किंवा इन्फ्लुएंझासारखा संसर्ग यांचे निमित्त होऊन पापुद्रा फाटू शकतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इन्फ्लुएंझाचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात झटक्याचे प्रमाण सुमारे सहापट आढळले होते, म्हणूनच हृदयरुग्णांना त्याची लस घेण्याचा सल्ला दिला जातो. मात्र निमित्त काम करते ते आधीपासून साठा तयार असलेल्या रोहिणीवर. ‘त्या दिवशी भांडण झाले म्हणून झटका आला’ असे म्हणून कुटुंबे थांबतात आणि वीस वर्षांचा रक्तदाब नजरेआड होतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

आपल्या बंधूंविषयी मात्र मला एक शंका येते आहे. सडपातळ, मधुमेह नसलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या माणसाला ४६व्या वर्षी झटका येतो आणि वडिलांनाही तो ५२व्या वर्षी आलेला असतो, तेव्हा अनुवंशिक कारण शोधावेच लागते. कोलेस्टेरॉलची औषधे सुरू होण्यापूर्वीचा त्यांचा लिपिड अहवाल आपल्याला सापडेल का? आत्ताचा अहवाल यासाठी कामाचा नाही, कारण औषधांनी आकडे खाली आलेले असतील.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद – पायवाट

सापडला. तीन वर्षांपूर्वीचा आहे. एलडीएल २१२ लिहिले आहे. बाकी सगळे मर्यादेत. ‘तेलकट कमी खा’ असा शेरा त्याच्यावर हाताने लिहिलेला आहे. भाऊ म्हणतो की त्याने आहार खरोखर बदलला होता आणि वजन मुळातच कमी असल्यामुळे पुन्हा तपासण्याची गरज त्याला वाटली नाही.

उत्तर – निरंतर

हाच कागद मला हवा होता. तो बंधूंच्या हृदयरोगतज्ज्ञांना या आठवड्यातच दाखवावा.

प्रौढ माणसाचे एलडीएल औषधांविना १९० च्या वर असेल आणि घराण्यात अल्पवयात हृदयविकार असेल, तर फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया या जन्मजात विकृतीचा विचार करावा लागतो. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण रक्तातून उचलून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. ही यंत्रणा शोधून काढल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या विकृतीत ते ग्राहक जनुकीय दोषामुळे कमी असतात किंवा नीट काम करत नाहीत, त्यामुळे जन्मापासूनच एलडीएल चढलेले राहते. चाळिशीत पोहोचेपर्यंत त्या रोहिण्यांनी इतरांच्या साठ-सत्तर वर्षांइतके कोलेस्टेरॉल सोसलेले असते. जगात साधारण २५० माणसांमागे एकाला ही विकृती असते आणि बहुसंख्यांना तिचा पत्ता नसतो. आहाराने एलडीएल थोडे उतरते, पण अशा माणसाचे केवळ आहाराने आटोक्यात येणे जवळजवळ अशक्य असते; म्हणून बंधूंनी पथ्य पाळले नाही, असा दोष त्यांना कोणीही देऊ नये. डॉक्टर त्यांच्या टाचेमागचा जाड स्नायुबंध बोटांच्या चिमटीत धरून पाहतील आणि बुबुळाभोवती पांढरट कडे आहे का तेही पाहतील. ही चिन्हे असली तर निदान बळकट होते. नसली म्हणून ते खोडले जात नाही.

हा दोष आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. निदान पक्के झाल्यास बहिणीची आणि बंधूंच्या मुलांची लिपिड तपासणी करावी लागेल. मुलांसाठी साधारण दहाव्या वर्षाच्या सुमारास ती केलेली चांगली. आपले स्वतःचे एलडीएल औषधाविना १४८ असेल तर ही विकृती आपल्याकडे आलेली असण्याची शक्यता बरीच कमी आहे. आपली जोखीम वेगळ्या वाटेने वाढली आहे आणि त्यासाठी वर लिहिलेले सर्व तसेच लागू राहते. त्या जोडीने लायपोप्रोटीन (ए), म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एका वेगळ्या कणाची, रक्ततपासणी तिन्ही भावंडांनी एकदा करून घ्यावी. तिचा आकडा मुख्यतः जनुकांवर ठरतो, आयुष्यभर फारसा बदलत नाही आणि नेहमीच्या लिपिड अहवालात तो येत नाही. तो बराच जास्त निघाला तर तो कमी करण्यापेक्षा इतर सर्व घटक अधिक काटेकोरपणे आवरण्यावर भर द्यायचा असतो.

आपल्या भेटीच्या वेळी स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांचा, विषय निघेल असे मला वाटते. एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने कमी झाले की झटका, पक्षाघात अशा घटनांचे प्रमाण साधारण एक पंचमांशाने घटते, हे मोठ्या चाचण्यांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. शर्करा काठावर असलेल्या थोड्या लोकांत स्टॅटिनमुळे मधुमेहाचे निदान काहीसे लवकर होते, हे खरे आहे. परंतु आपल्यासारख्या जोखमीत लाभ त्याहून स्पष्टपणे मोठा असतो. निर्णय अडलाच तर सीटी स्कॅनवर रोहिण्यांतील कॅल्शियम मोजता येते. मात्र चाळिशीत तो आकडा शून्य आला तरी निश्चिंत होऊ नये, कारण कोवळ्या साठ्यात अजून चुना जमलेला नसतो. आणि भावाचे पाहून आपल्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये. ज्यांना अजून हृदयविकार झालेला नाही अशांमध्ये रक्तस्रावाचा धोका बहुधा लाभाला गिळून टाकतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांतून दिसले आहे.

सर्वांत आधी काय, असे आपण विचारले होते. सिगारेट आपण सोडलीच आहे. ती सुटलेली राहणे हे पहिले काम. त्यानंतर रक्तदाबाची आठवडाभराची वही, मग एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी), लायपोप्रोटीन (ए) आणि मूत्रपिंडाची चाचणी करून एकच भेट, जिच्यात सगळे आकडे एका कागदावर शेजारीशेजारी लिहिलेले असतील. चालणे आजपासून सुरू करायला हरकत नाही. आठवड्याला १५० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. चालताना छातीत दाब आला तर थांबावे आणि दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दाखवावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद – पायवाट

भावाच्या डॉक्टरांना तो अहवाल दाखवला. त्यांनाही हीच शंका आहे. जनुकीय चाचणीविषयी पुढच्या भेटीत ठरेल आणि औषधाची मात्रा त्यांनी आजच वाढवली. बहिणीचे रक्त उद्या सकाळी द्यायचे आहे, आणि भावाच्या दोन्ही मुलांची वेळ पुढच्या आठवड्याची घेतली आहे. अहवाल आले की येथेच लिहीन.